शस्त्रक्रियेनंतर पेशंट सारखं पाणी मागतो तेव्हा काय करायचं

भूल उतरून डोळे उघडले की बरेच पेशंट दुखण्याच्याही आधी पाणी मागतात. जीभ टाळ्याला चिकटलेली असते, ओठ सुकून ताणलेले असतात, आवाज नीट फुटत नाही. "सलाईन चालू आहे, आत्ता तोंडाने काही द्यायचं नाही," असं सांगितलं जातं आणि अर्ध्या तासाने पुन्हा तीच मागणी येते. मग कधी नातेवाईक सगळ्यांची नजर चुकवून ग्लासभर पाणी पाजतात, तर कधी पेशंट वैतागून ऑक्सिजनचा मास्कच ओढून काढतो.

"अजून थोडं थांबा" एवढ्यावर हा प्रश्न सोडून देणं आम्हाला मान्य नाही. पूर्ण शुद्धीवर आलेल्या बहुतेक पेशंटना एका वेळी ५ मिली किंवा त्याहूनही कमी पाण्यात बराच आराम देता येतो. ते पाणी गार हवं, मोजलेलं हवं आणि आधी तपासणी करून दिलेलं हवं. खालची माहिती वॉर्डातल्या परिचारिका-परिचारकांसाठी आहे आणि पेशंटजवळ बसणाऱ्या घरच्यांसाठीही. घरच्यांनी यातलं काहीही करण्याआधी ड्यूटीवरच्या सिस्टरला विचारावं, कारण नेमकं कोणतं ऑपरेशन झालंय यावर पुष्कळ गोष्टी ठरतात.

सलाईन चालू असताना तहान लागतेच कशी?

तहान दोन ठिकाणांहून उठते. पहिलं ठिकाण रक्त. रक्तातली क्षारांची दाटी १ ते २ टक्क्यांनी वाढली तरी मेंदूला तहान जाणवते. रक्ताचं एकूण प्रमाण घटलं तरी ती लागते, पण त्यासाठी घट बरीच मोठी, साधारण १० टक्क्यांच्या घरात व्हावी लागते. दुसरं ठिकाण तोंड. लाळ आटली, जीभ आणि घसा सुकला की शरीरात पाणी पुरेसं असूनही तहान छळते.

०.९ टक्क्यांचं नॉर्मल सलाईन जवळपास रक्ताइतकंच दाट असतं. त्यामुळे ते रक्ताचं प्रमाण भरून काढतं, पण दाटी फारशी उतरवत नाही. तोंडाच्या कोरडीवर तर त्याचा जवळजवळ उपयोगच नाही. आणि ऑपरेशनच्या दिवशी तोंड कोरडं पडायला कारणं भरपूर असतात. आदल्या रात्रीपासूनचा उपास असतो. भुलीच्या वेळी दिलेलं ग्लायकोपायरोलेट किंवा ॲट्रोपिन लाळ कमी करतं. ग्लायकोपायरोलेटचा हा परिणाम ७ तासांपर्यंत टिकू शकतो. मॉर्फिन, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकांनीही तोंड सुकतं. श्वासनळीत नळी असताना तोंड तासन्‌तास उघडं राहिलेलं असतं आणि नंतर त्यावर कोरड्या ऑक्सिजनचा झोत सुरू होतो.

उपाय सापडतो तो एका साध्या गोष्टीत. निरोगी माणूस पाणी पितो तेव्हा ते पाणी आतड्यातून रक्तात उतरायच्या आधीच त्याची तहान भागते. तोंड आणि घशातून गेलेल्या संवेदनांवर मेंदू आधीच "पाणी आलं" असं मानतो, आणि या संवेदनांत गारवा फार प्रभावी असतो. गारवा ओळखणारा टीआरपीएम-८ हा ग्राही मेंथॉलनेही जागा होतो. म्हणूनच मेंथॉल लावलं की तोंडात गार वाटतं. एवढं लक्षात घेतलं तर कोमट पाण्याच्या वाटीपेक्षा बर्फाचा छोटा तुकडा जास्त आराम का देतो ते कळतं.

आधी हे बघा: ही तहान धोक्याची तर नाही?

तोंड ओलं करून आवाज बंद करण्याआधी दोन मिनिटं काढा. तहान हे रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं. नाडी १०० च्या वर जातेय, वरचं रक्तदाब १०० च्या खाली घसरतंय, हातपाय गार आणि घामट आहेत, पेशंट अस्वस्थ किंवा फिकट दिसतोय, ड्रेनमध्ये (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत) अचानक लाल रक्त वाढलंय किंवा ड्रेसिंग भिजलंय, यातलं काहीही असेल तर पाणी बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. पोटात आत होणारा रक्तस्राव ड्रेनमध्ये दिसेलच असं नाही. त्यामुळे ड्रेन रिकामा आहे म्हणून निश्चिंत राहू नका. नाडी आणि लघवी बघा.

लघवीच्या पिशवीकडे बघताना रंगापेक्षा तासाचा आकडा महत्त्वाचा. दर किलो वजनामागे तासाला किमान ०.५ मिली लघवी व्हायला हवी, म्हणजे ६० किलोच्या पेशंटला तासाला ३० मिली. सलग दोन तास त्याहून कमी असेल तर कळवा. पण कळवण्याआधी कॅथेटरची नळी पेशंटच्या मांडीखाली दबलेली नाही ना, तेही बघून घ्या.

उलट बाजूही असते. मेंदूच्या, विशेषतः पिट्युटरी ग्रंथीच्या ऑपरेशननंतर पेशंट अतोनात तहानलेला आहे आणि पाण्यासारखी फिकट लघवी तासाला २५० मिलीच्या वर सलग दोन-तीन तास होतेय, तर तो डायबेटिस इन्सिपिडस असू शकतो, म्हणजे मूत्रपिंडं पाणी धरून ठेवू शकत नाहीत असा विकार; साखरेच्या मधुमेहाशी त्याचा संबंध नाही. यात रक्तातलं सोडियम वेगाने चढतं. इथे तोंड ओलं करत बसून वेळ घालवू नका. मधुमेही पेशंटला तहान लागली की आधी ग्लुकोमीटरवर साखर तपासा. ऑपरेशनच्या ताणाने साखर वाढते, आणि ती १८० च्या वर गेली की लघवीतून पाणी ओढून नेते.

द्यायचं की नाही: तीन गोष्टी तपासा

पहिली, शुद्ध. हाक मारल्यावर डोळे उघडतो का, स्वतःचं नाव सांगतो का, लगेच पुन्हा झोपेत जात तर नाही ना. बोलता बोलता डोळा लागत असेल तर अजून वेळ आहे.

दुसरी, घसा आणि श्वास. "जोरात खोका" म्हणा. खोकला दमदार हवा. मग स्वतःची लाळ गिळायला सांगा आणि गळ्याचा कंठमणी वर जाऊन खाली येतो का ते बघा. आवाज स्पष्ट हवा. घशात पाणी साचल्यासारखा घरघरता आवाज येत असेल तर काहीही देऊ नका. धाप लागलेली असेल तरीही थांबा, कारण जोरजोरात श्वास घेणाऱ्याला गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधत नाही.

तिसरी, मळमळ आणि उलटी. पेशंटला स्पष्ट विचारा. पाण्याच्या आशेने मळमळ लपवणारे पेशंट असतात, तेव्हा चेहराही बघा.

तिन्ही ठीक असतील तर डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर करा. मणक्याच्या ऑपरेशनमुळे किंवा दुसऱ्या कारणाने उठवायला मनाई असेल तर कुशीवर वळवण्याची परवानगी आहे का ते विचारा आणि फक्त ओलं गॉज फिरवा. एंडोस्कोपीसाठी किंवा नळी घालताना घशात बधिर करणारा स्प्रे मारला असेल तर संवेदना पूर्ण परत येईपर्यंत घोट देऊ नका. ज्याच्या श्वासनळीत ४८ तासांपेक्षा जास्त नळी होती त्याची गिळण्याची रीतसर तपासणी होईपर्यंतही थांबा. अशा पेशंटमध्ये पाणी ठसका न लागता फुप्फुसात उतरू शकतं, म्हणून "ठसका लागला नाही म्हणजे ठीक आहे" हा हिशेब त्यांना लागू नाही.

आता एनपीओचा, म्हणजे तोंडाने काही न देण्याच्या आदेशाचा प्रश्न. फाइलवर नुसतं "एनपीओ" लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ जो तो आपापल्या परीने लावतो. राउंडला डॉक्टर आले की तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: तोंड ओल्या गॉजने पुसू का? गार पाण्याचा स्प्रे मारू का? बर्फाचा तुकडा चघळायला देऊ का, आणि दिला तर तासाला किती? आतड्याला नवा जोड दिलेल्या पेशंटसाठीसुद्धा पहिल्या प्रश्नाला बहुतेक वेळा "हो" असंच उत्तर येतं. मिळालेली उत्तरं फाइलवर लिहून घ्या. तोंडी परवानगी पुढच्या शिफ्टपर्यंत टिकत नाही.

गार पाणी देण्याची पद्धत

सामान थोडंच लागतं: १०० ते १५० मिली निर्जंतुक किंवा उकळून गार केलेलं पाणी, एक छोटी नवी स्प्रे बाटली, गॉज, किडनी ट्रे, ५ मिलीची सुई नसलेली सिरिंज आणि पाण्यात मिसळणारं ओठांचं मलम. पाणी फ्रीजमध्ये ठेवा, बाटलीवर पेशंटचं नाव, तारीख आणि वेळ लिहा. २४ तासांनी उरलेलं पाणी फेकून द्या. एकाची बाटली दुसऱ्याला वापरू नका. नवी बाटली आली की ती २० वेळा मापात दाबून किती मिली पाणी येतं ते बघा, म्हणजे एका दाबात किती जातं हे अंदाजावर राहत नाही.

सुरुवात विचारून करा: "शून्य ते दहामध्ये तहान किती?" आकडा लिहा. हात धुऊन ग्लोव्हज घाला. कवळी असेल तर काढून पाण्यात ठेवा. गॉज बर्फाच्या पाण्यात बुडवा आणि थेंब गळणार नाही इतकं पिळा. आधी ओठ, मग गालांच्या आतल्या बाजू, टाळू आणि शेवटी जीभ, असं फिरवा. जिभेच्या मागच्या भागाला हात लावू नका, उबळ येते. प्रत्येक फेरीला नवं गॉज घ्या. त्यानंतर गालांच्या आत आणि जिभेवर गार पाण्याचे तीन-चार फवारे मारा. सरळ घशावर रोखून मारू नका. फवाऱ्यानेही ठसका लागतो. शेवटी ओठांना मलम.

ही क्रिया घाईने उरकली तर आराम पाच मिनिटंही टिकत नाही. अमेरिकेत अतिदक्षता विभागातल्या २५२ पेशंटवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात गार पाण्याचं स्वॅब, गार पाण्याचा स्प्रे आणि मेंथॉलचं मलम हे तिन्ही एकत्र, एका बैठकीत १५ मिनिटांपर्यंत वापरले होते आणि नेहमीच्या देखभालीच्या तुलनेत तहान स्पष्टपणे कमी झाली होती. वॉर्डात प्रत्येक वेळी १५ मिनिटं निघणार नाहीत हे खरं आहे. पण ही क्रिया घरच्यांना एकदा नीट दाखवून दिली तर बराच भार हलका होतो, आणि लपूनछपून पाणी पाजणंही थांबतं, कारण त्यांना करण्यासारखं काहीतरी हातात मिळतं.

बर्फाची परवानगी असेल तर तुकडे वाटाण्याएवढे आणि बोथट कडांचे हवेत. फ्रीझरमधून काढलेला कोरडा बर्फाचा तुकडा लगेच तोंडात ठेवू नका. तो सुकलेल्या ओठाला किंवा जिभेला चिकटतो आणि ओढताना साल निघते. मिनिटभर थांबून वरून ओला, चकचकीत झाला की द्या. चावू नका, जिभेवर विरघळू द्या, असं पेशंटला सांगा. हिशेबासाठी लक्षात ठेवा: बर्फाचे तुकडे वितळले की पाणी साधारण निम्मं होतं. २०० मिलीचा ग्लास भरून तुकडे दिले तर चार्टवर १०० मिली लिहायचं.

घोटाची परवानगी मिळाली की सिरिंजने ५ मिली गार पाणी मोजून चमच्यात घ्या. ते तोंडात घोळवून हळू गिळायला सांगा. दर अर्ध्या तासाला ५ मिली दिलं तरी २४ तासांत २४० मिली होतं, म्हणून हृदय किंवा मूत्रपिंडाच्या पेशंटला हेही पाणी ठरवून दिलेल्या मर्यादेत धरा. दिल्यानंतर १५ मिनिटांनी तहानेचा आकडा पुन्हा विचारा.

"तोंड ओलं केलं तरी दहा मिनिटांत पुन्हा तहान"

सगळ्यात आधी पाण्याला बोट लावून बघा. फ्रीजमधून काढलेलं पाणी तासभर टेबलावर राहिलं की त्याचा निम्मा उपयोग गेला. छोट्या थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली त्यात ठेवा.

पाणी गार असेल तर जीभ बघा. तिच्यावर पांढरा किंवा पिवळट चिकट थर असेल तर पाणी वरच्यावर ओघळून जातं. मऊ ब्रश ओला करून तो थर हळूहळू सोडवा, एका बैठकीत खरवडून काढू नका. दिवसातून दोनदा ब्रश आणि मध्ये दर दोन-तीन तासांनी ओलं गॉज, असा क्रम ठेवा.

मग ऑक्सिजन. नाकातल्या नळीने मिनिटाला ४ लिटरपेक्षा जास्त जात असेल तर ह्युमिडिफायर (ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बाटली) लावलाय का, त्यातलं पाणी खुणेच्या वर आहे का आणि बुडबुडे येतात का ते बघा. नाक चोंदलेलं असेल तर पेशंट तोंडाने श्वास घेतो आणि तुम्ही केलेली मेहनत दहा मिनिटांत वाळून जाते. सलाईनचे नाकात घालायचे थेंब विचारून वापरा. सॅच्युरेशन चांगलं असेल तर मास्कऐवजी नळी चालेल का, ऑक्सिजन अजून लागतोच का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. कित्येकदा तो सवयीने चालू राहिलेला असतो.

"लिंबू-ग्लिसरीन लावतोय, तरी कोरड वाढतेय"

ते बंद करा. ग्लिसरीन पाणी ओढून घेतं, त्यामुळे सुरुवातीला ओलसर वाटलेलं तोंड नंतर आणखी सुकतं. लिंबाचं आम्ल दातांचं एनॅमल झिजवतं आणि तडकलेल्या ओठांना झोंबतं. अल्कोहोल असलेला माउथवॉशही कोरड वाढवतो. ऑक्सिजन चालू असताना ओठांना पेट्रोलियम जेलीसारखं तेलकट काही लावू नका; तेलकट पदार्थ आणि ऑक्सिजन एकत्र आले की जळण्याचा धोका असतो. काडीवरचे स्पंजचे स्वॅब वापरत असाल तर तोंडात घालण्यापूर्वी स्पंज ओढून पक्का आहे ना ते बघा आणि पाण्यात भिजत टाकून ठेवू नका. सुटलेला स्पंज घशात अडकू शकतो. पेशंट दात आवळत असेल तर स्पंज नकोच.

"चमचाभर पाणी दिलं आणि उलटी झाली"

लगेच कुशीवर वळवा, तोंड साफ करा, पाणी थांबवा. उलटीचा रंग आणि अंदाजे प्रमाण लिहा. हिरवी उलटी, फुगलेलं पोट, सारखी उलटी, यातलं काही असेल तर डॉक्टरांना बोलवा. बहुतेक वेळा कारण साधं असतं: पेशंटने चमचा घटकन गिळला, किंवा नुकतंच मॉर्फिनसारखं ओपिऑइड इंजेक्शन दिलेलं होतं, किंवा बसवताना झटका बसला. उलटीचं औषध देऊन मळमळ पूर्ण थांबल्यावर पुन्हा गॉजपासून सुरुवात करा. सरळ चमच्यावर उडी मारू नका.

"नाकात रायल्स ट्यूब आहे, बर्फ देऊन ओढून घेतला तर काय बिघडलं?"

बिघडतं. रायल्स ट्यूब म्हणजे नाकातून पोटात घातलेली, पोटातला रस बाहेर ओढणारी नळी. साधं पाणी पोटात गेलं की पोटातला क्षारयुक्त रस त्यात मिसळतो आणि सक्शनबरोबर सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड बाहेर जातं. पेशंट बर्फाच्या वाट्यांमागून वाट्या संपवत राहिला तर हे नुकसान वाढत जातं. शिवाय ट्यूबमधून जास्त येतंय असं वाटून हिशेब चुकतो. परवानगीइतकाच बर्फ मोजून द्या, आत गेलेलं पाणी वेगळं लिहा आणि जास्त भर स्प्रे व गॉजवर ठेवा. ट्यूब टेकते त्या नाकपुडीची कोरडही बघा. घसा दुखतोय ही तक्रार पुष्कळ पेशंट "तहान" म्हणूनच सांगतात.

"आता पाणी सुरू झालंय, पेशंट बाटल्याच्या बाटल्या रिकाम्या करतोय"

ऑपरेशनच्या ताणाने, वेदनेने आणि मळमळीने शरीरात एडीएच हे संप्रेरक वाढलेलं असतं आणि मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात. अशा वेळी नुसतं साधं पाणी भरपूर प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, मळमळ, गुंगी, असंबद्ध बोलणं, पुढे झटके, असा क्रम असतो. छोटे घोट, गार पाणी, मध्ये चूळ भरून थुंकणं, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की साध्या पाण्याबरोबर क्षार असलेली पेयं, असं करा. पूर्ण जागा असलेल्या आणि चावू शकणाऱ्या पेशंटला परवानगी असेल तर बिनसाखरेचं च्युइंगम लाळ सोडवतं.

जे मागत नाहीत त्यांच्याकडेही बघा

वय वाढलं की तहानेची जाणीव बोथट होते. सत्तरीतला पेशंट शांत पडलाय म्हणून त्याचं तोंड ओलं आहे असं समजू नका. गालाच्या आत टॉर्च मारा. लाळेचा ओलसर थर दिसायला हवा. गोंधळलेला पेशंट मास्क ओढतो, चादर तोंडात घालतो, ओठ चाटत राहतो. हात बांधण्याचा किंवा झोपेच्या इंजेक्शनचा विचार करण्याआधी त्याचं तोंड बघा. लहान मुलांना बर्फाचा तुकडा देऊ नका, तो अडकतो. परवानगीनंतर सिरिंजने गालाच्या आत १-२ मिली सोडा. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं तोंड फक्त प्रशिक्षित स्टाफनेच, सक्शन हाताशी ठेवून ओलं करावं.

ऑपरेशनच्या आधीच कमी करता येणारी तहान

बरीचशी कोरड ऑपरेशनच्या आधीच्या उपासातून येते. इतर आजार नसलेल्या पेशंटला ठरलेल्या ऑपरेशनआधी २ तासांपर्यंत साधं पाणी आणि ६ तासांपर्यंत हलकं खाणं चालतं, असं भुलीच्या डॉक्टरांच्या संघटनांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरीही "रात्री बारानंतर काही नाही" हा सरसकट आदेश अजून दिला जातो. सकाळी आठचं ऑपरेशन दुपारी दोनवर गेलं की पेशंट चौदा तास पाण्याविना राहतो. यादी पुढे सरकली की लगेच भुलीच्या डॉक्टरांना फोन करून विचारा: "यांचा नंबर दोनला आहे, बारापर्यंत पाणी देऊ का?" पोट उशिरा रिकामं होण्याचे आजार, गरोदरपण किंवा तातडीचं ऑपरेशन असेल तर उत्तर "नाही" येऊ शकतं. ते मानायचं, आणि पेशंटला ओल्या गॉजने तोंड पुसायला द्यायचं.

शिफ्ट बदलताना तहानेची नोंद एका ओळीत लिहा: शेवटचा आकडा, काय दिलं, किती मिली, कशाची परवानगी आहे, पुढची वेळ. उदाहरणार्थ, "तहान ८ वरून ३, गॉज आणि स्प्रे, बर्फ तासाला २ तुकडे चालतो, पुढचं ४.३० ला." ही ओळ असली की नव्या सिस्टरला पेशंटकडून सगळं पहिल्यापासून ऐकावं लागत नाही, आणि पेशंटलाही घड्याळाकडे बघून आपलं पाणी कधी येणार हे कळतं.